ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरताना: पिंपापासून फिल्टरपर्यंत

नांगरट
फिल्टर बदलला, महिन्याभरात पुन्हा चोक झाला, मग पंप उघडला, मग नोझल बदलले. दर हंगामात हेच प्रश्न येतात आणि चर्चा ‘फिल्टर कुठला चांगला’ इथेच अडकते. माझ्या मते घोळ त्याच्या आधी होतो. पिंपातून कॅनमध्ये, कॅनमधून नरसाळ्यात, नरसाळ्यातून टाकीत, या तीन ठिकाणी. म्हणून हा धागा फक्त डिझेल साठवणं आणि भरणं यावर ठेवू.

आधी एक माप डोक्यात असू द्या. इंजेक्शन पंपातला प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा) आणि त्याचं बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यातली फट साधारण २ ते ४ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. नुसत्या डोळ्याला ४० मायक्रॉनच्या खालचं जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे कॅनमध्ये बघून ‘डिझेल एकदम चकाचक आहे’ म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. पंप खाणारी घाण दिसत नाही.

आता भरण्याची पद्धत. जागा सपाट. औजार जमिनीला टेकवलेलं, पीटीओ (औजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, हँडब्रेक लावलेला, चावी काढून खिशात. टर्बो असेल तर बंद करण्याआधी ३ ते ५ मिनिटं स्लोवर चालू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जळतं. बंद केल्यावर निदान १५ मिनिटं थांबा. वाळलेल्या धसकटात किंवा चाऱ्याच्या गंजीजवळ उभं करून भरू नका. बिडी-सिगारेट आणि वेल्डिंगचं वेगळं सांगायला नको.

झाकण उघडायच्या आधी त्याच्याभोवती बघा. झाकणाच्या कडेखाली जी खाच असते तिच्यात धूळ आणि भुसा साचतो, डिझेलच्या ओलीने त्याचा काळा लगदा होतो. झाकण फिरवताना तो लगदा सुटतो आणि थेट गळ्यात पडतो. म्हणून आधी ब्रशने झाडायचं, मग फडक्याने पुसायचं, मग झाकण उघडायचं. काढलेलं झाकण बोनेटवर उपडं ठेवू नका, आतली बाजू वर करून ठेवा. आतल्या बाजूला चिकटलेली रेती परत टाकीतच जाते.

दहाचा_पाना
चांगला धागा. गळ्यातल्या जाळीबद्दल लिहायचं राहिलं.

टाकीच्या गळ्यात बोटभर खोल गेलं की पितळी किंवा प्लॅस्टिकची जाळीची नळी असते. डिझेल हळू उतरतं, फेस येऊन वर उसळतं, म्हणून बरेच ड्रायव्हर तिच्या तळाला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतात. कामाला आलेल्या जुन्या ट्रॅक्टरची जाळी बाहेर काढून उजेडात धरा, दहातल्या चार तरी फाटलेल्या निघतील. मुळात ती जाळी फक्त भुसा, पाला, मेलेले किडे अडवण्यापुरतीच असते. १०० मेशची (इंचाला १०० छिद्रांची) म्हटली तरी तिचं छिद्र १५० मायक्रॉनचं. पण तेवढंही नसेल तर गव्हाची काडी थेट टाकीच्या तोटीत जाऊन बसते. मग ट्रॅक्टर उताराला चालतो आणि चढाला दम टाकतो, कारण काडी तरंगत येऊन तोंड झाकते आणि परत सुटते. असा दोष शोधायला दोन दिवस जातात.

जाळी धुवायची ती स्वच्छ डिझेलमध्ये, बारीक ब्रशने. कॉटन वेस्टने पुसू नका, त्याचे धागे जाळीत अडकून राहतात.

बांधावरची
एक शंका. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पेटती काडी टाकली तरी विझते म्हणतात. मग १५ मिनिटं थांबण्याचा आग्रह किती खरा? कामाच्या घाईत कोण थांबतं?

सहा_सिलिंडर
ताई, काडीचा तो खेळ थंड डिझेलपुरता खरा. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांनाही पेट घेण्याइतकी निघते, डिझेलला त्यासाठी साधारण ५५ अंशांच्या आसपास तापावं लागतं (कुठल्या मानकाचं डिझेल आहे त्यावर थोडं कमी-जास्त). पण हा आकडा ठिणगी असेल तेव्हाचा. पुरेसं तापलं तर डिझेल ठिणगीशिवायही पेटतं, प्रयोगशाळेत २२५ अंशांच्या आसपास. लोडवर चाललेल्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा इंजिनाला जोडलेला पाइप) आणि टर्बोचं घर ४०० अंशांच्या वर सहज जातं.

आता टाकी कुठे आहे ते बघा. बऱ्याच ट्रॅक्टरांत ती बोनेटखाली, बरोब्बर इंजिनाच्या डोक्यावर असते. गळ्यातून ओघळलेलं डिझेल टाकीच्या बाजूने उतरतं ते मॅनिफोल्डवरच. तापलेल्या बोनेटवर आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा त्यात भिजला की वातच तयार झाली. पेट्रोलसारखा स्फोट होणार नाही, पण वायरिंग आणि रबरी पाइप जळायला पाच मिनिटं पुरतात.

भरताना जवळ ४ ते ६ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक ठेवा. डिझेलच्या आगीवर पाणी मारू नका. पाणी जड, ते खाली जातं आणि पेटतं डिझेल वर तरंगत पसरतं. काहीच नसेल तर कोरडी माती किंवा वाळू. आणि सांडलं असेल तर आधी पुसा, माती टाकून ती उचला, मगच स्टार्टर मारा.

बांधावरची
पटलं. मग संध्याकाळी काम संपवून ट्रॅक्टर लावला, हातपाय धुतले आणि मग भरलं, हेच सोयीचं. रात्रभर टाकी रिकामी राहिली तर आत दव धरतं आणि पाणी होतं, तेही टळतं.

ओलावा
संध्याकाळी भरण्याच्या सवयीला विरोध नाही, पण दवाचं भय जरा वाढवून सांगितलं जातं. हिशोब करून बघू. ३० अंशांना पूर्ण दमट हवेत घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं, २० अंशांना १७ ग्रॅम. म्हणजे रात्री १० अंशांनी थंड झाल्यावर घनमीटरमागे १३ ग्रॅम पाणी गळणार. ६० लिटरची टाकी पूर्ण रिकामी धरली तरी आतली हवा ०.०६ घनमीटर. एका रात्रीत जास्तीत जास्त ०.८ ग्रॅम, म्हणजे पंधरा-सोळा थेंब. शंभर रात्री ट्रॅक्टर तसाच उभा राहिला तर फार तर ८० ग्रॅम. दुर्लक्ष करण्यासारखं नाही, विशेषतः हंगाम संपल्यावर महिनोन्महिने उभ्या ट्रॅक्टरसाठी. पण फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत अर्धा कप पाणी निघत असेल तर ते दवाचं नव्हे. ते पिंपातून आलंय.

पिंपात पाणी कसं शिरतं ते बघण्यासारखं आहे. २०० लिटरचं लोखंडी पिंप उघड्यावर उभं ठेवलं की वरच्या पत्र्याला जी उभी कड असते तिच्या आत पावसाचं पाणी तळ्यासारखं साचतं. दोन्ही बुचं, मोठं २ इंची आणि लहान पाऊण इंची, त्याच पाण्यात बुडालेली. दिवसा पिंप तापतं, आतली हवा फुगून आट्यांमधून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली, पत्रा गार झाला, आत ओढ तयार झाली. आता आट्यांमधून हवेऐवजी वरचं पाणी खेचलं जातं. बुच घट्ट आहे, वरून काही दिसत नाही, आणि पिंप रोज घोट घोट पाणी पितंय.

कोरडवाहू
+१. यावर उपाय: शक्यतो सावलीत, छपराखाली. उघड्यावरच ठेवायचं असेल तर आडवं ठेवा आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी येतील असं फिरवा. मग पिंप अर्ध्याच्या वर भरलेलं असेपर्यंत बुचं आतून डिझेलखाली राहतात आणि हवा आत-बाहेर होत नाही. उभंच ठेवायचं तर खाली एका बाजूला लाकडाचा ठोकळा देऊन कलतं करा, म्हणजे पाणी खालच्या कडेला जाईल. तिथेही बुचं आडव्या रेषेत, ३ आणि ९ वरच. बुच खालच्या कडेला आलं तर कलतं करून उलट नुकसान.

तोटी लावून आडव्या पिंपातून काढत असाल तर घडवंचीचा उतार तोटीच्या उलट बाजूला द्या. पाणी आणि गाळ मागे बसतो, तोटीतून वरचं स्वच्छ येतं. हातपंप असेल तर त्याची नळी तळापासून ५ ते ७ सेंटिमीटर वर कापा. उभ्या पिंपात तळाचे ५ सेंटिमीटर म्हणजे साधारण १३ लिटर. एवढं डिझेल ‘वाया’ घालवायला जीवावर येतं म्हणून लोक नळी तळाला टेकवतात, आणि ज्या १३ लिटरमध्ये सगळी घाण बसलेली तेच आधी टाकीत जातं.

दहाचा_पाना
आणि पिंप उतरवल्या उतरवल्या त्यातून भरू नका. हलवलेलं डिझेल बसायला वेळ लागतो. किती, तर १० मायक्रॉनचा मातीचा कण डिझेलमध्ये तासाला १० ते १२ सेंटिमीटर खाली जातो. ५ मायक्रॉनचा ३ सेंटिमीटर. पिंपाची उंची ८५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ५ मायक्रॉनचा कण वरून तळाला जायला एक दिवसाहून जास्त, आणि २ मायक्रॉनचा तर आठवड्याने. पाण्याचे बारीक थेंब मातीपेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच आकाराला साधारण दहापट हळू बसतात. २४ तास ठेवा म्हणतात ते किमान. उन्हातलं पिंप आतल्या आत ढवळत राहतं, त्यात ही आकडेवारीही कोलमडते. सावलीचा हा दुसरा फायदा.

टॉर्क
कॅन आणि पिंपाबद्दल दोन गोष्टी.

जस्ताचा मुलामा असलेली बादली, टाकी किंवा पाइप डिझेलला वापरू नये. जस्ताची डिझेलमधल्या आम्लांशी प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकट पदार्थ बनतो आणि तो फिल्टरच्या कागदावर थर धरतो. साधं लोखंड, ॲल्युमिनियम किंवा डिझेलसाठी बनवलेला जाड प्लॅस्टिकचा कॅन चालतो. तांबं आणि पितळ थोडा वेळ संपर्कात आलं तर काही नाही, पण त्यात महिनोन्महिने साठवू नका, डिझेल लवकर काळवंडतं.

दुसरं, पेट्रोलचा कॅन आणि डिझेलचा कॅन वेगळे. नुसतं मिसळण्याचं भय नाही. पेट्रोलची वाफ असलेल्या कॅनमध्ये डिझेल वेगाने ओतलं की प्रवाहाने स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडली तर वाफ पेटते. गंधक काढलेलं हल्लीचं डिझेल वीज कमी वाहून नेतं, त्यामुळे भार त्यात जास्त वेळ टिकतो. कॅन भरताना तो जमिनीवर ठेवायचा, ट्रॉलीत किंवा गाडीच्या रबरी मॅटवर नाही. नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेला ठेवायचा. लोखंडी पिंपातून मोटरच्या पंपाने थेट ट्रॅक्टर भरत असाल तर पिंप आणि ट्रॅक्टरची चासी एका क्लिपच्या वायरने जोडा.

बांधावरची
नरसाळ्यावर पांढरं सुती फडकं ठेवून भरायची पद्धत? ती बरोबर की चूक?

नांगरट
मला ती अर्धी चूक वाटते. सुती कापडाची वीण शंभर मायक्रॉनच्या घरात, म्हणजे जाळीपेक्षा फार वेगळं काही करत नाही. उलट त्याचे तंतू सुटतात आणि आधीच्या घडीतली धूळ आत जाते. ओल्या कापडातून पाणी तर आरामात उतरतं. पाणी अडवणारी खास जाळीची नरसाळी मिळतात. त्यांच्या बारीक जाळीवर असा लेप असतो की डिझेल उतरतं आणि पाणी वर खोलगट भागात राहतं. पण त्यात घाईने ओतलं तर पाणीही दाबाने ढकललं जातं, आणि साबणाने धुतलं की गुण जातो. त्यापेक्षा पिंपाच्या हातपंपाला १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा, फिरवून बसवायचा फिल्टर लावणं केव्हाही बरं. नरसाळं मात्र कुठलंही असो, वापरून झाल्यावर झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत. खुंटीला उघडं टांगलेलं नरसाळं म्हणजे धूळ गोळा करायचं भांडंच.

सहा_सिलिंडर
उचलण्याबद्दल कोणी बोललं नाही. २० लिटर डिझेल म्हणजे साधारण १६.५ किलो, वर कॅनचं वजन. ते खांद्याच्या उंचीला, एक पाय फूटबोर्डवर आणि एक टायरवर ठेवून ओतायचं. तोल गेला की डिझेल इंजिनावर आणि माणूस खाली. १० लिटरचे दोन कॅन घ्या किंवा हातपंपाची लांब नळी वापरा.

आणि नळीने तोंडाने ओढून डिझेल काढणं पूर्ण बंद करा. घोट पोटात गेला त्यापेक्षा ठसका लागून फुप्फुसात गेला तर जास्त घातक, रासायनिक न्यूमोनिया होतो. असं झालंच तर उलटी करवू नका, कारण उलटीत ते पुन्हा श्वासनलिकेत जातं. थेट दवाखाना. हलवून चालू होणारी झडपेची नळी स्वस्त असते.

कोरडवाहू
टाकी काठोकाठ भरू नये हेही लिहा. डिझेल दर अंशाला ०.०८ टक्क्यांच्या आसपास फुगतं. गार पिंपातलं ६० लिटर डिझेल उन्हात २० अंशांनी तापलं की जवळजवळ १ लिटर वाढतं, आणि ते झाकणाच्या छिद्रातून बाहेर येतं. गळ्याच्या खाली तीन-चार बोटं मोकळी ठेवा.

टॉर्क
त्या छिद्रावरून आठवलं. झाकणाच्या मध्यभागी श्वासाचं बारीक छिद्र असतं. ते चिखलाने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते. लक्षण ठरलेलं: ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास छान चालतो, मग ताकद उतरते, बंद पडतो, थोडं थांबून पुन्हा चालू होतो. अशा वेळी झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला आणि इंजिन सावरलं तर दोष तिथेच आहे. छिद्र तारेने साफ करा, झाकणावर प्लॅस्टिक पिशवी बांधून चालवू नका.

ओलावा
पाणी आहे का ते बघायची सोपी रीत. तळाजवळून एक लिटर डिझेल स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत घ्या. उजेडासमोर धरा. मागे धरलेली छापील अक्षरं नीट वाचता आली पाहिजेत. धुकट दिसलं तर पाणी बारीक थेंबांत मिसळलंय. बाटली गोल फिरवून, मध्ये भोवरा करून थांबा: घाण आणि थेंब तळाच्या मध्यावर गोळा होतात. तासाभराने तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. खात्रीसाठी पाण्याला रंग बदलणारी पेस्ट डिपस्टिकच्या टोकाला लावून तळाला टेकवा.

थरांच्या सीमेवर तपकिरी किंवा काळपट, शेंबडासारखा पदार्थ दिसला तर ती बुरशी आणि जिवाणू आहेत. ते पाण्यात राहतात आणि डिझेल खातात. जैवडिझेल मिसळलेल्या इंधनात हे जास्त, कारण ते पाणी जास्त धरून ठेवतं. जंतुनाशक रसायन मिळतं, पण आधी पाणी काढा, मग रसायन. पाणी तसंच ठेवून नुसतं रसायन ओतलं तर मेलेला सगळा लगदा एकदम फिल्टरवर येतो, आणि पाणी आहे तिथे तो महिन्याभरात परत उगवतो.

दहाचा_पाना
रोजचं काम: सकाळी स्टार्टर मारायच्या आधी फिल्टरखालच्या वाटीचा स्क्रू दोन आटे सैल करून, खाली डबी धरून, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडणं. रात्रभर उभं असल्याने पाणी बसलेलं असतं, म्हणून सकाळीच. कामाच्या मध्येच सोडलं तर ते ढवळलेलं असतं, काही कळत नाही.

फिल्टर बदलताना नवा फिल्टर कॅनमधलं डिझेल भरून बसवायची सवय वाईट. मधल्या मोठ्या छिद्रातून ओतलं की ते गाळल्याशिवाय थेट पंपाकडे जातं. रिकामा बसवा आणि हँड प्रायमरने (फिल्टरजवळच्या हाताने दाबायच्या छोट्या पंपाने) भरा. भरायचाच असेल तर बाहेरच्या बारीक छिद्रांतून. जुनं रबरी रिंग फिल्टरच्या डोक्याला चिकटून राहतं, ते काढायला विसरू नका. दोन रिंगांवर फिल्टर बसला की तिथून हवा ओढतो. नव्या रिंगला डिझेल लावा, हाताने टेकेपर्यंत आवळा, मग पुढे अर्धा ते पाऊण फेरा. पाना नको.

मग एअर काढणं, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा बाहेर काढणं. टाकी भरलेली, तोटी उघडी. पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल, प्रायमर मारत राहा, फेस थांबून सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. क्रम टाकीकडून पंपाकडे. तांब्याचे वॉशर दबून चपटे झाले असतील तर नवे घाला.

बांधावरची
आमच्याकडच्या नव्या ट्रॅक्टरला कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारी रचना) आहे. त्यात इंजेक्टरच्या नळ्या सैल करून एअर काढतात का?

सहा_सिलिंडर
अजिबात नाही. नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारायची पद्धत जुन्या मेकॅनिकल पंपाची. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारच्या वर जातो. टाचणीएवढी धारही हातमोज्यासकट कातडीत घुसते. बाहेरून फक्त एक ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट कापायची वेळ येते. असं झालं तर ‘उद्या बघू’ नको, ताबडतोब सर्जनकडे, आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. एअर काढायला प्रायमर आणि चावी ऑन-ऑफ करण्याची जी पद्धत मॅन्युअलमध्ये आहे तीच.

नव्या ट्रॅक्टरला निळ्या झाकणाची युरियाची टाकीही असेल तर ते द्रावण (३२.५ टक्के युरिया, बाकी पाणी) डिझेलमध्ये जाणार नाही याची काळजी घ्या. त्याचा कॅन आणि नरसाळं पूर्ण वेगळं. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर चावीसुद्धा ऑन करू नका, कारण बऱ्याच गाड्यांत चावी ऑन झाली की टाकीतला पंप लगेच ओढायला लागतो. टाकी उतरवून रिकामी केली तर खर्च तिथेच थांबतो. पुढे गेलं तर पंप, रेल, इंजेक्टर सगळं.

कोरडवाहू
पिंपाच्या तळाच्या त्या १३ लिटरचं काय करायचं, हे मीच अर्धवट सोडलं होतं. ते पारदर्शक कॅनमध्ये काढा, दोन-तीन दिवस सावलीत न हलवता ठेवा. वरचं दोन तृतीयांश नळीने, तळ न ढवळता, पुढच्या पिंपात गाळून घ्या. उरलेलं गंजलेले नट-बोल्ट भिजत घालायला. तेही नको असेल तर जुन्या ऑइलसोबत वेगळ्या डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या, विहिरीच्या किंवा ओढ्याच्या बाजूला ओतू नका. आणि पिंप रिकामं झालंच आहे तर नवं भरण्याआधी आत टॉर्च मारून बघा. टॉर्च बॅटरीची, बाहेरून धरलेली. काडी पेटवून नव्हे.